निळ्या खुणांचं बोलावणं

रोज पहाटे आमच्या काकांचा गुलाब येतो. गुलाबावर दवाचे थेंब, खाली सुवचन, आणि सुवचनाखाली ज्याचं नाव असतं त्या बिचाऱ्यानं ते जन्मात कधी लिहिलेलं नसतं. काकांनी स्वतः एखादं रोपटं लावलेलं मला आठवत नाही. अड्याळच्या आमच्या माहेरच्या अंगणात तुळशीला पाणी घालायचं कामसुद्धा काकूच करत आल्या, काका खाटेवर बसून चहाची वाट बघत. आता सत्तरी ओलांडल्यावर मात्र ते अंधारात उठून सगळ्या खानदानाला फुलं वाटतात. गुलाबामागून एखादा देव येतो, देवामागून गुडघेदुखीवरचा रामबाण उपाय येतो, आणि दुपारचं जेवण झालं की जगबुडीची बातमी येते. एकदा त्यांनी गावातल्या एका माणसाला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली आणि तो माणूस त्याच संध्याकाळी बाजारात वांगी निवडताना दिसला. काकांनी श्रद्धांजली मागे घेतली नाही. म्हणाले, राहू दे, आज ना उद्या लागेलच.

हा सगळा बाजार भरतो तो आमच्या घराण्याच्या ग्रुपवर. ग्रुप माझ्या धाकट्या भावानं काढला, बाबा गेले तेव्हा. तेरवीला कोण येणार, कोण नाही, हे एका ठिकाणी कळावं म्हणून. तेरवी झाली, ग्रुप राहिला. सुरुवातीला त्यावर बाबांचा हार घातलेला फोटो होता. उन्हाळ्यात भावानं चारचाकी घेतली, तेव्हा बाबा खाली उतरले आणि त्यांच्या जागी गाडी आली. मी मनात खूणगाठ बांधून ठेवली.

माझं सासर भंडाऱ्याचं. सासऱ्यांच्या वेळी घरात हातमाग होते, आता माग गेले आणि साड्यांचं दुकान राहिलं. दिवसभर गल्ल्यावर बसून मी माणसांना फोन बघताना बघते. फोन सगळ्यांच्या हातात सारखाच असतो, पण त्यावरचा येडेपणा वयाप्रमाणे बदलतो, हे माझं पक्कं मत आहे. काकांच्या वयाची माणसं जे येईल ते खरं मानतात आणि पुढे ढकलतात. माझ्या भावाच्या वयाची, म्हणजे पन्नाशीच्या आगेमागे असलेली माणसं काहीच खरं मानत नाहीत, पण आपण कसे दिसतो याच्यावर त्यांचा जीव अडकलेला असतो. भावाच्या वाढदिवसाला वहिनी त्याचं एक पोस्टर बनवते. त्यात तो पांढऱ्या कपड्यांत उभा असतो आणि शेजारी वाघ असतो. खरा वाघ तर सोडाच, आमच्या घरच्या म्हशीनं शिंग हलवलं तरी भाऊ दोन पावलं मागे सरतो.

वहिनी तर तोंडानं बोलणंच विसरली आहे. तिला जे म्हणायचं ते ती स्टेटसला लावते. एका दिवाळीत तिच्या साडीला मी 'बरी आहे' म्हटलं, 'छान' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टेटसवर मावळता सूर्य, आणि त्याच्यावर लिहिलेलं की काही जणांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही. मीही कमी नाही. मीही माझ्या स्टेटसला एक समई लावली आणि खाली लिहिलं की शांत राहणाऱ्याला कमजोर समजू नये. असं आमचं चार दिवस चाललं. फोनवर मात्र आम्ही दोघी एकमेकींना लोणच्याची कृती विचारत होतो.

भाचा विशीतला. त्यानं घराण्याचा ग्रुप आवाज बंद करून टाकला आहे आणि तो उघडतच नाही. त्याचा खरा संसार दुसरीकडे आहे, रील्समध्ये. तिथे त्याची दोन खाती आहेत. एक नातेवाइकांना दाखवायचं, त्यात देवदर्शन. दुसरं खरं, ते मला दुकानातल्या पोरीनं दाखवलं. त्यात तो काळा चष्मा लावून आमच्याच धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा आहे, मागे हिरवंगार धान डोलतं आहे आणि गाणं वाजतं आहे शेतकऱ्याच्या पोराचं. रोवणीच्या वेळी हा पोरगा बूट चिखलानं भरतील म्हणून धुऱ्यावरून खाली उतरला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जेवायला ये म्हणून वहिनी त्याला स्वयंपाकघरातून मेसेज करते, आणि तो आतल्या खोलीतून अंगठा पाठवतो.

या सगळ्या गोतावळ्यात एकच माणूस असा होता जो त्या ग्रुपवर कधी काही टाकत नसे. आमची आत्या. बाबांची एकुलती बहीण, साकोलीकडे एकोडीला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जाऊन बराच काळ लोटला, घरी मुलगा, सून, आणि चार बांध्यांची धानाची शेती. सुनेनं आपला जुना फोन तिला दिला आणि ग्रुप उघडून बघायला शिकवलं. आत्याला वाचता येतं ते अक्षर लावून लावून, म्हणून ती चित्रंच बघायची. पण बघायची कशी, तर पाहुणा दारात आल्यावर बघावं तशी. मी एकदा दुकानातल्या नव्या साड्यांचा फोटो टाकला. सगळ्यांनी बदाम टाकले, टाळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला की तुझ्या बोटाला काय झालं, चिंधी काहून बांधली. साडी धरलेल्या हाताचं बोट कापलेलं होतं. बदाम टाकणाऱ्यांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. मला त्या दिवशी आत्याची माया आली आणि बाकीच्यांचा मनापासून राग आला.

आता मंडईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुकानं लागतात, नाचगाण्याची दंडार होते, रात्री नाटक असतं, शिंगाडे आणि ऊस घरोघर येतो, आणि गावच्या लेकी माहेरी येतात. पण लेक आपल्या पायानं येत नाही. तिला न्यायला भाऊ जातो. भाऊ नसेल तर भावाचा मुलगा जातो. न बोलावता लग्नाला गेलेलं एक वेळ चालेल, पण कोणी आणायला न येता लेक मंडईला पोचली तर तिच्या सासरच्या गावात आणि माहेरच्या गावात, दोन्हीकडे चर्चा होते.

बाबा आदल्या दिवशी एकोडीला जायचे. माझ्या लहानपणी सायकलनं, मग मोटारसायकलनं, शेवटी शेवटी कोणाच्या तरी मागे बसून. एक-दोनदा मीही सोबत गेले होते, त्यामुळे तो सोहळा मला पाठ आहे. बाबा ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, धानाची चौकशी करायचे, बैलाची चौकशी करायचे. कामाचं काही बोलायचे नाहीत. जेवण झाल्यावर पान लावता लावता म्हणायचे, चाल, उद्या मंडई आहे. आत्या ठरल्याप्रमाणे म्हणायची की माझं येणं होत नाही, धान कापायचे आहेत, मजूर मिळत नाहीत. बाबा म्हणायचे की धान काय पळून जातात का. ती म्हणायची, घरी कोण बघेल. बाबा म्हणायचे, ज्याचं घर तो बघेल. असं दोन-तीनदा झालं की ती तोंड वाकडं करून उठायची आणि दाराआडून बांधून ठेवलेली पिशवी काढायची. पिशवी सकाळपासून तयार असायची. हे बाबांना माहीत होतं आणि बाबांना माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पण तो नकार आणि ती मनधरणी झाल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे. शेजारच्या बायका कुडावरून बघायच्या, की हिचा भाऊ आला, हिला मनवून राहिला. आत्याला मंडईपेक्षा तेच हवं असायचं, आणि त्यात काहीही चूक नाही.

बाबांच्या तेरवीला सगळे पांगले तेव्हा आत्यानं माझ्या भावाचा हात धरला. मी शेजारीच होते. तिनं विचारलं, "मंडईले येशील न मले न्याले?" भाऊ म्हणाला, "हे काय विचारनं झालं का, आत्या? येईनच न." आत्यानं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तिचा भाऊ गेला होता. माहेर राहिलं की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

दिवाळी झाली आणि ग्रुपवर मंडईचं कार्ड आलं. ते वहिनीनं बनवलं होतं. वरती मोर, खाली रांगोळी, मध्ये हात जोडून उभी असलेली नऊवारीतली एक बाई, जिचा आमच्याशी काही संबंध नाही. एका कोपऱ्यात बाबा, त्यांच्यासमोर जळती पणती. मजकूर असा की समस्त आप्तेष्टांना मंडईचे आग्रहाचे निमंत्रण, हाच संदेश हेच बोलावणे समजावे. कार्डावर काकांनी लगेच गुलाब चढवला. चुलत भावंडांनी फटाके उडवले. भाच्यानं ते कार्ड आपल्या दाखवायच्या खात्यावर गाणं लावून टाकलं आणि खाली लिहिलं की परंपरा.

तेच कार्ड मलाही आलं, वेगळा फोन नाही. मला वाटलं, मला नाही तर नाही, आत्याला तरी जाईल. म्हणून मी भावाला फोन केला आणि विचारलं की आत्याला आणायला कोण जाऊन राहिलं. तो म्हणाला, "टाकलं न ग्रुपवर. पाह्यलं तिनं, ब्लू टिक आली." मेसेज ज्यानं पाहिला त्याच्या नावापुढे दोन निळ्या खुणा उमटतात, हे त्याला पोस्टाच्या पावतीसारखं वाटत होतं. मी म्हटलं की तू तिला शब्द दिला होता. तो म्हणाला की बाई, धान कापणीला आले आहेत, हार्वेस्टर कधी मिळेल सांगता येत नाही, आणि आता काय पहिल्यासारखं आहे का, लोक आपापले येतात. त्याची गाडी दारात उभीच होती, हे मंडईला गेल्यावर मी पाहिलं. तिच्यावर नवं कापड घातलेलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

मी बसनं अड्याळला गेले. नवरा म्हणाला, भाऊ नाही आला का. मी म्हटलं, येणार होता, मीच नको म्हटलं. खोटं बोलायला जीभ अडखळली नाही. आत्या मात्र माझ्यासारखी नाही.

मंडईच्या दिवशी सकाळपासून मी रस्त्याकडे बघत होते. भाऊ म्हणत होता की येत असेल. दुपारी त्यानं ग्रुपवर टाकलं की आत्या कुठपर्यंत आली, आणि त्याच्या पुढे हात हलवणारं एक अस्वल टाकलं. आत्याच्या नावापुढे निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मग सगळे मंडई बघायला गेले. बघायला म्हणजे, फोनमध्ये भरून आणायला. काका दंडारीचं थेट प्रक्षेपण करत होते आणि त्यांचं अर्धं बोट पूर्ण वेळ भिंगावर होतं, त्यामुळे जगाला ढोलकीचा आवाज आणि एक गुलाबी अंधार एवढंच पोचलं. भाऊ पुढाऱ्यांच्या मागे मागे फिरत होता, कोणाच्या खांद्यामागे आपलं डोकं मावतं ते बघत. वहिनीनं शिंगाड्याच्या टोपलीसमोर बसून फोटो काढले आणि शिंगाडे न घेताच उठली. शिंगाडेवालीनं तिच्याकडे जसं बघितलं तसं मला बघता येत नाही, नाहीतर मीही बघितलं असतं. भाचा आकाशपाळण्यासमोर एकच हसणं पुन्हा पुन्हा हसत होता, मनासारखं येईपर्यंत. दंडारीत नाचणारी माणसं घामाघूम झाली होती आणि त्यांच्यासमोर नुसत्या फोनांची भिंत उभी होती.

संध्याकाळी भावानं सगळ्यांचे फोटो आपल्या फोनवर गोळा करून ग्रुपवर ओतले. मी घरी ओट्यावर बसून त्याच्याच फोनवर ते बघत होते आणि मला सहज एका फोटोवर कोणी कोणी पाहिलं ते बघावंसं वाटलं. आत्याचं नाव होतं. दुसऱ्या फोटोवर बघितलं, तिथेही होतं. मी एकेक फोटो उघडत गेले. जेवणाच्या पंगतीचा, पाळण्याचा, पुढाऱ्यांचा, वहिनीच्या साडीचा. प्रत्येकावर आत्या होती. एकही तिनं सोडला नव्हता.

परत भंडाऱ्याला जायच्या ऐवजी मी लाखनीवरून एकोडीला गेले, सोबत शिंगाडे घेऊन. सुनेनं दारातच हळू आवाजात सांगितलं की सासूबाई मंडईच्या आदल्या दिवशी आणि मंडईच्या दिवशीही नवं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या. गाडीचा आवाज आला की उठायच्या. शेजारणींनी विचारलं तर म्हणाल्या की पोराला काम असेल. मी आत गेले तर दाराआड पिशवी तशीच होती, गाठ न सोडलेली.

आत्यानं माझं बोट बघितलं, बरं झालं का म्हणून. मग आपला फोन काढून मला फोटो दाखवायला लागली, जणू मंडईला मी गेलेच नव्हते. "मंडई पाह्यली मी," ती म्हणाली. "तुया भावानं हिरवा शर्ट घातला होता. तुया काका वारून काडी झाला, औषध नाही घेऊन राहिला वाटते. पंगतीत भात कच्चा होता, पोरं ताटात टाकून उठले." एवढं सगळं तिनं बघितलं होतं. मग फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "पर मले न्याले कोनी आलं नाही."

मी भंडाऱ्याला पोचल्यावर भावाला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला वाईट वाटलं, हे मी मान्य करते. त्याचा आवाज पडला होता. आणि वाईट वाटल्यावर त्यानं काय करावं? त्यानं ग्रुपवर एक कार्ड टाकलं. रडणारं बाळ, खाली आत्या क्षमस्व. त्यावर पाऊस पडावा तसे हात जोडले गेले. काकांनी बहीण-भावाच्या नात्यावरचा एक लांबलचक लेख पुढे ढकलला, जो त्यांनी वाचलेला नव्हता, कारण त्याच्या शेवटी केसांच्या तेलाची जाहिरात होती. काकांना स्वतःला एकोडीला जाता आलं असतं, आत्या त्यांचीही बहीण होती, पण बाबा होते तोवर ते काम बाबांचं होतं आणि बाबा गेल्यावर भावाचं झालं, काकांचं ते कधीच नव्हतं. वहिनीनं स्टेटस लावलं की घरं बाहेरचे नाही, आतले लोक फोडतात. एवढं सगळं झालं. एकोडीला कोणी गेलं नाही.

काही दिवसांनी ग्रुपवर एक फिकट ओळ दिसली, की आत्या बाहेर पडली. ग्रुपवर एकदम धावपळ. काका विचारत होते की तिचा फोन चोरांनी ताब्यात घेतला का. भावानं तिला परत जोडलं आणि हार-फुलांनी स्वागत केलं. ती परत बाहेर पडली. दुसऱ्यांदा बाहेर पडल्यावर त्याचा फोन त्याला जोडूच देईना. तो मला म्हणाला की सुनेनं काहीतरी बटण दाबलं असेल, म्हाताऱ्या माणसांना काय कळतं. मी सुनेला फोन लावला. ती म्हणाली, मी नाही हो, त्यांनीच मला करायला लावलं. मग आत्या फोनवर आली आणि म्हणाली, "त्याच्यात हावो तोवर कोनी येत नाही. निंगाली बाहीर, आता येतीन मले न्याले."

मला हसू आलं. ग्रुपवरच्या कोणालाही जे कळलं नव्हतं ते या बाईला बरोबर कळलं होतं. मी भावाला ते शब्दाला शब्द सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे, बाई. जावं लागन एकदा."

हे एकदा यायला पुढची दिवाळी उजाडली. कार्ड तयार झालं. या वेळी मोर गेला होता आणि बैलजोडी आली होती. भाऊ मला फोनवर सांगू लागला की आत्या ग्रुपवर नाही, तिला कार्ड जाणार कसं, आणि म्हणून तो स्वतः एकोडीला जाणार आहे. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला मनातल्या मनात सगळं माफ करून टाकलं. गाडी धुऊन काढली होती म्हणे. मंडईच्या आदल्याच दिवशी निघाला, बाबा जायचे तसा.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात मोठं काम केल्याचं समाधान. म्हणाला, "जाऊन आलो एकोडीले. जोडून देलं आत्याले ग्रुपवर."

मी विचारलं, आणि आत्या कुठे आहे? तो म्हणाला की घरी आहे, तिला मी चाल म्हटलं होतं, पण ती म्हणाली येणं होत नाही, धान कापायचे आहेत. तर मी म्हटलं बरं, मग फोनवर पाहा, सगळं टाकतो.

पुढचं सुनेकडून कळलं. आत्यानं गाडी दुरून ओळखली होती. कुडावर शेजारणी होत्याच. तिनं त्याला जेवू घातलं, पान दिलं, ठरल्याप्रमाणे नाही म्हणाली, आणि तो पुढचं कधी म्हणतो याची वाट बघत उभी राहिली. त्यानं तिचा फोन मागितला, त्यात काहीतरी केलं, तिच्या पाया पडला आणि गाडीत बसला. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी होती. पिशवी दाराआड होती. अड्याळहून एकोडीपर्यंत माझा भाऊ रिकामी गाडी घेऊन आला होता, आणि तशीच रिकामी घेऊन गेला.

मंडईच्या दिवशी मी अड्याळला गेले नाही. सकाळची बस धरून एकोडीला गेले. मी लेक, मला कोणाला मंडईला न्यायचा हक्क नाही, आणि मी न्यायला आले असं म्हणाले असते तर आत्या हसली असती. म्हणून मी नुसतीच गेले. आत्या नव्या लुगड्यात ओसरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. सुनेनं शिंगाडे उकडले होते, ते सोलत आम्ही दोघी बसलो, एकाच घरच्या दोन लेकी, कोणी न नेलेल्या. आतमध्ये तिच्या फोनची टुणटुण चालू झाली. बैलजोडी, पाळणा, पंगत, काकांचं बोट, सगळं येऊन पडत होतं.

मी उठले आणि फोन हातात घेतला. म्हटलं, बंद करून टाकते ही कटकट, डोक्याला ताप नुसता. आत्या शिंगाड्यावरची नजर न काढता म्हणाली, "राहू दे. पोरगा रस्त्यात असन तं फोन करन."

फोनची बॅटरी संपत आली होती. मी तो चार्जिंगला लावला.